बत्तीस आटे

पहाटे पावणेचारला तळजाईच्या उतारावर
मी रस्त्याचं झाकण उचलतो.
आत झुरळं, गारवा, गंजाचा वास.
छातीएवढी उंच चावी खाली सोडून
चाचपडत बसवायची एका चौकोनी डोक्यावर,
जे एकवीस वर्षांत मी नीट पाहिलेलं नाही.

बत्तीस आटे उघडायचे. साडेसहाला बत्तीस बंद.
दुरुस्तीचा गुरुवार सोडून.
(त्या दिवशी अख्ख्या पुण्याला कळतं की पाणी असतं.)

मी रोहिदास पासलकर.
मूळ मोसे खोऱ्यातला, गाव धरणाखाली.
आज्याचं वावर, जोतं, गोठ्यामागचा उंबर,
सगळ्यांवरून हे पाणी येतं
आणि ह्या लोकांच्या फ्लशमध्ये जातं.
हे मी कुणाला बोललो नव्हतो.
फक्त वरच्या बंगल्यांच्या व्हॉल्व्हला
तीसच आटे सोडायचो.
दोन माझे.
दोन आट्यांवर माणूस बरीच वर्षं जगू शकतो.

माघातला मंगळवार होता.
एकोणीसपर्यंत मोजल्याचं आठवतं.
पुढं मोजणं चालू राहिलं, वीस, एकवीस,
नळ उघडा राहून गेल्यासारखं, आपापलं.
चावी फिरत होती.
खांदा फिरत होता.
टेकडीवर मोर ओरडला, तोही त्यातच.
आणि फिरवणारा?
खिशात चुन्याची डबी शोधावी तसा शोधला:
हातात नाही, छातीत नाही,
डोळ्यांच्या मागं तो बसतो असा समज होता,
तिथं नुसता अंधार, आणि रस्त्यावरचा दिवा.

भीती वाटली म्हणावं तर
ती वाटून घ्यायलाही कुणी पुढं येईना.

मग पाइपात आधी हवा आली.
हवा नेहमी आधी येते, खोकते.
गल्लीभर नळ खोकले.
कुंभोजकर बाईंचा निळा पिंप,
बागवानांच्या गच्चीवरची टाकी,
स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या बाटल्यांची रांग.
कुणीतरी चोरून मोटर लावली, तिची घरघर.
सगळं माझ्या पोटात वाजत होतं
आणि पोट कुठं संपतं ते सांगता आलं नसतं.

वरच्या गॅलरीतून कुणी ओरडलं,
'कोण आहे रे तिकडं?'

तोंड उघडलं.
वाटलं, आत बघून सांगावं.
'पाणी आलंय,' एवढंच बाहेर पडलं.

घरी गेलो तेव्हा गुडघा दुखतच होता.
बायको म्हणाली, 'एवढं काय हसताय?'
चहात साखर नव्हती, तीही चव छान होती,
पण हे सांगितलं असतं तर
रोज बिनसाखरेचा मिळाला असता.
हजेरीवर सही केली. पासलकर.
सही अगदी तशीच आली, शेपटीसकट.

वरच्या बंगल्यांना हल्ली बत्तीस सोडतो.
चांगुलपणा म्हणू नका.
दोन कमी कुणी करायचे,
तोच ऐनवेळी जागेवर नसतो.
कधी कधी येतो.
पगाराच्या दिवशी येतो, साहेब तोडून बोलला की येतो,
भावकीच्या लग्नात तर आधीच जाऊन बसलेला असतो.
येऊ दे.
त्याला हाकलायला जो उठतो
तोही तोच, हे एकदा कळलं की
दोघंही जरा दमानं घेतात.

वैशाखात धरण आटलं
तेव्हा आमचं जोतं वर आलं.
दरवर्षी भावकी जाते, नारळ फोडते, रडते.
यंदा मीही गेलो.
चिखलाला भेगा, त्यात एक जुनी पळी.
कुणाची, यावर चुलत्यांची जुंपली.
मी जोत्याच्या दगडापाशी उकिडवा बसलो.
त्यावर पाण्याची रेघ होती.
रेघेखाली ओलं, वर कोरडं.
बोट फिरवून पाहिलं,
रेघ अशी काही लागली नाही.