एक्केचाळीसला नऊ

सलायडा, कोलोरॅडो. एप्रिल लागलाय,
पण रस्त्याकडेचा बर्फ अजून काळवंडून बसलेला.
व्हर्लिन ओक्सच्या गॅरेजात माझी पिकअप लिफ्टवर,
मागचा अ‍ॅक्सल उघडा, परातीत तेल ठिबकतंय,
तळणीत उरतं तसल्या रंगाचं.
"डॉक्टर," तो विचारतो, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

मला काय हवंय.
मागे अडकवलेला दवाखाना घाटापलीकडे न्यायचाय:
खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे, दीडशे लिटर पाणी.
मोठे टायर मीच हौसेनं घातले गेल्या हिवाळ्यात,
तेव्हापासून मोनार्क पासवर गाडी
पहिल्याच जिन्यात थांबलेल्या मावशीसारखी
"तुम्ही व्हा पुढे" म्हणते.

व्हर्लिन पत्र्याच्या कपाटावर खडूनं लिहितो: ३९ ला ११.
त्याखाली: ४१ ला ९.
त्रैराशिक. शाळेत मी यात कच्ची होते.
चाक एकदा फिरायला दांडा साडेतीनदा फिरायचा,
आता साडेचारदा.
"ताकद वाढणार नाही," तो बजावतो.
"इंजिन तेच. फक्त घास लहान होईल."

घास लहान.
बावीस वर्षं मी लोकांना हेच सांगत आलेय.

मग हात पुसत पुसत बाकीचं सांगतो.
सपाटीवर अठराशे फेऱ्यांत भागायचं, तिथे तेवीसशे लागतील;
पुएब्लोच्या रस्त्यावर पेट्रोल जास्त पिईल, माझ्या नावानं ओरडू नका.
घाटात दुसऱ्यात रडायची ती तिसऱ्यात चढेल.
काटा खोटं बोलेल, साठला सत्तर दाखवेल,
कॉम्प्युटरला नवं गुणोत्तर शिकवेपर्यंत.
आणि पुढचाही अ‍ॅक्सल बदलायचा, चालढकल नको,
नाहीतर फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं एक म्हणतील, मागची भलतंच,
आणि मधलं काहीतरी तुटेल.

अहो, मला सांगताय?
वरची कवळी नवी, खालची जुनी
अशी माणसं मी रोज बघते.

रिंगच्या दातांना तो पिवळा रंग फासतो.
हातानं फिरवतो, मग उलटं,
टॉर्च धरून बघतो कुठे पुसलाय.
टोकाला नको. मुळाशी नको. मधोमध.
नाही जमलं.
सगळं काढतो, केसाएवढी चकती घालतो, पुन्हा बसवतो.
चौथ्यांदा. दुपार गेली.
मी स्टुलावर गप्प. माझा कागद निळा असतो, एवढाच फरक.
केसभर उंच राहिलेलं फिलिंग
माणसाला रात्रभर झोपू देत नाही;
केसभर चुकलेला गिअर, तो म्हणतो,
ताशी पंचेचाळीसला बारीक शीळ घालतो
आणि मग कधीच थांबत नाही.

"पाचशे मैल ट्रेलर लावायचा नाही.
वीस मिनिटं चालवा, थंड होऊ द्या. मग तेल बदलू."
बिलाचं विचारलं तर तोंड उघडतो,
बोटानं उजवा गाल ओढून दाखवतो:
खालची दाढ नाही, शेजारची अर्धी.
सहा वर्षं एकाच बाजूनं चावतोय.

मंगळवारी त्याच्याच अंगणात ट्रेलर उघडला.
"चावा. घासा. उंच लागतंय?"
मान हलवतो, नाही.
पुन्हा कागद, पुन्हा थोडं घासणं. चौथ्यांदा.
आता तो गप्प.
"पंधरा दिवस या बाजूनं टणक काही नको."
तोंडात कापूस, एक गाल बधिर, तरी काहीतरी विचारतो,
आणि मला मराठीत ऐकू येतं: पाचशे बैल?

मे महिन्यात ट्रेलर जोडून निघाले.
वळणावर सवयीनं पाय दाबला,
आणि गाडी आधीच पुढे.
इंजिन जरा चढ्या सुरात, पण धाप नाही.
रेडिओ बंद करून पंचेचाळीसला कान लावला.
काही नाही. टायर, वारा, मागे खुर्चीचा एक सैल स्क्रू.

सार्जंट्सला वीस मिनिटं आधी पोचले.
कुणीच आलं नव्हतं.
बॉनेट तापून टिकटिकत होतं,
त्याला टेकून डबा उघडला
आणि सावकाश, लहान घासांनी जेवले.