थांबलेल्या लिफ्टचा वाढदिवस

वाल्पाराइसोत पायऱ्या मोजत नाही कुणी.
मोजल्या की दम लागतो, म्हणतात.
मी मोजल्यात : आमच्या टेकडीला एकशे अठ्ठ्याहत्तर,
आणि त्यांच्या कडेनं, तिरक्या रुळांवर,
एक लाकडी खोली, एकवीस वर्षं मधोमध अडकलेली.
नाव तिचं पासिएन्सिया.
म्हणजे धीर.
नाव ठेवणाऱ्याला आधीच काय कळलं होतं, कोण जाणे.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या रविवारी तिचा वाढदिवस.
निबाल्दो, एके काळचा चालक, पहाटे टाय बांधून
बंद चाकाला तेल घालतो.
उरसुलिना केक करते, मुद्दाम उतरता,
साच्याखाली वीट ठेवून भाजलेला.
मेणबत्त्या घरंगळतात, पोरं झेलतात.
प्रमुख पाहुणा म्हणून एक कुत्रा निवडतात;
तो कुणाच्याच मालकीचा नसावा, ही एकच अट.
यंदाचा झोपून होता. भाषण छान झालं.

मग शर्यत.
खालच्या मासळीच्या दुकानापासून वर फाटकापर्यंत,
शेवटी पोचेल तो जिंकला.
थांबायचं नाही. मागं फिरायचं नाही.
पाय उचललेला असावा किंवा टेकत असावा,
या दोहोंच्या मध्ये तुम्ही काय करता
ते तुमचं तुमच्यापाशी.
वेळ मी मोजते, घड्याळावर नव्हे :
चुलीवर घेवडा चढवते,
तो शिजायच्या आत वर आला तो बाद.
गेल्या साली सांतियागोचा एक धावपटू आला होता.
चार मिनिटांत वर!
आम्ही त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं,
फार लागलं तर नाही ना, विचारलं.

दोन्या एदुविहिस, वय त्र्याऐंशी, नऊ वेळा विजेती.
एका पायरीवर ती अख्खा नवरा सांगून संपवते,
पुढच्या पायरीवर त्याचा भाऊ.
तिच्यामागं पोस्टमन क्रिसोस्तोमो.
रोज टेकडी चढणाऱ्यालाच कळते सावकाशीची किंमत.

तो वर आला की नगरपालिकेचं पत्र वाचतो.
दर वर्षी येतं, दर वर्षी तेच.
पहिला शब्द त्याचा, पुढचं आम्ही सगळे एका सुरात :
विषय विचाराधीन आहे,
आपल्या भावनांचा आदर आहे...
इतकी वर्षं नाचलेल्या कागदी घोड्यांची
चालसुद्धा पाठ झालीय पोरांना.

यंदा त्यानं वाचलं : मंजुरी.
निधी. मार्चपासून काम.

आमची तोंडं उघडी ती उघडीच.
अकॉर्डियन मध्येच श्वास घेऊन राहिलं.
कुत्रा जागा झाला.
आनंद व्हायला हवा होता, खरं तर.
एदुविहिसचे गुडघे आहेत, पिठाची पोती आहेत,
गॅसच्या टाक्या आहेत, बाळंतिणी आहेत.
पण जो तो केककडे बघत होता :
पुढल्या साली सपाट करायचा की काय हा?

उरसुलिनाच्या लेकीनं पत्र हाती घेतलं, चष्मा पुसला.
"अहो, हे आपलं नाहीच.
पलीकडच्या टेकडीचं आहे. पत्ता चुकलाय."

हुश्श!
काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू.
बंदरातल्या एका जहाजानं भोंगा दिला,
दिला असेल दुसऱ्याच कुणाला तरी, आम्ही घेतला.
पोस्टमनचे कान लालबुंद, पण बक्षीस त्याचंच.
एदुविहिस हरली.
तिसऱ्या नवऱ्याच्या पायरीवर थोडी घाई झाली, म्हणाली,
सांगण्यासारखं फारसं नव्हतंच त्याच्यात.

रात्री पातेलं घासायला घेतलं
तर खाली, अडकलेल्या खोलीत, उजेड.
निबाल्दो. टाय तसाच.
एक हात लिव्हरवर,
दुसऱ्या हातात ते पत्र, परक्यांचं,
पुन्हा पहिल्यापासून वाचत होता.

घेवडा उरला होता. दोन वाट्या घेऊन उतरले.
एकोणनव्वदाव्या पायरीवर बसून खाल्ला आम्ही.
बऱ्याच वेळानं तो म्हणाला,
मीठ कमी पडलंय.