मोजणी

मार्व्हा लिंडक्विस्ट आज किल्ल्या परत देते आहे.
एकतीस वर्षांपूर्वी, डाकोटाच्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत
रात्रपाळीची शिपाईण म्हणून आली, तेव्हा काम एकच,
दर दोन तासांनी डोकी मोजायची.
पांघरूण वरखाली होतंय ना, बघायचं.

मग वॉर्डन. मग सगळ्या राज्याचे तुरुंग,
विधिमंडळात बजेटची हुज्जत,
आणि कुठेही गेली तरी कैद्यांच्याच रांगेत ताट धरणं.
(‘घेवडा कच्चा’ हा शेरा मीच टाइप केलाय कितीदा.)

कोडी रेंडाल एकोणीस वर्षांचा. एकांतकोठडी. चादर.
आईला लिहिलेल्या पत्रातला ‘क्षमा’ हा शब्द
वकिलांनी तांबड्या शाईने खोडला.
तिने पत्र फाडलं. म्हणाली, गाडी काढ.
दोनशे मैल कापलेल्या गव्हाचे खुंट, आणि वारा.
आईने जाळीचं दार उघडलं नाही.
जाळीच्या अलीकडे ही, पलीकडे ती.
मी गाडीत हीटर लावून पाऊण तास.

त्या वर्षी एकांतकोठड्या निम्म्या झाल्या.
निम्म्याच.

आज केक कापता कापता
तिची नजर खोलीभर फिरली, ओठ हलले.
शेवटच्या खुर्चीशी थांबली,
आणि पुन्हा पहिल्यापासून.