आठ तारा

वूच शहरातल्या जुन्या सूतगिरणीचा तिसरा मजला.
उरलंय ते आमचं भरतकामाचं मशीन
आणि मार्चपर्यंत कुरकुरणारा एक रेडिएटर.

मिनिटाला तीनशे फेऱ्यांपर्यंत ठीक.
त्यापुढे मोटर नुसती गुणगुणते,
जागच्या जागी थरथरते, पाऊल चुकतं,
आणि खसखशीच्या फुलाची शेवटची पाकळी
पहिलीला भेटतच नाही.
मध्ये बोटभर कापड उघडं.

लेओकादिया म्हणाली, मोटर गेली, नवी मागवू.
तिचा भाऊ इग्नात्सी,
झटक्यानंतर उजवा हात मांडीवर ठेवून बसणारा,
काही सांगू लागला.
काय? महाग पडेल? ड्रायव्हर जळला? चहा हवाय?
चार प्रश्न झाले
आणि त्याचा पहिला शब्द अजून घशातच.
ती जिना उतरून गेली.

मग त्याने डाव्या हाताने खूण केली: आधी वीज बंद.
चालू विजेत मोटरची तार सोडवू नये,
हे मी एक ड्रायव्हर जाळून शिकले होते.

आठ तारा. रंग विटलेले,
पिवळी कुठली, पांढरी कुठली, देव जाणे.
दोन टोकं जोड, दांडा फिरव.
सैल.
दुसरी दोन. सैल.
तिसऱ्या खेपेला दांडा चिमटीत एकदम जड झाला,
आतून कुणी बोट धरल्यासारखा.
एकाच वेटोळ्याची दोन टोकं!
अशी चारही वेटोळी हाताला लागली.

आधी ती एकापुढे एक ओवलेली होती:
करंटला लांबलचक बोळ,
तो पार पोचायच्या आत
पुढच्या पावलाचा हुकूम.
आता दोन-दोन शेजारी लावली.
एक जोडी उलटी लागली माझ्याकडून,
दोघांनी एकमेकांना खोडून काढलं, मोटर मुकी.
इग्नात्सी हसला, अर्ध्या ओठांनी.

मग त्याने बारा व्होल्टच्या डब्याऐवजी
अठ्ठेचाळीसचा दाखवला.
मी घाबरले. मोटरवर तर तीनच लिहिलेत!
त्याने तोंड उघडलं.
मी काही विचारलं नाही.
रेडिएटरची कुरकुर मोजत राहिले. अकरा झाल्या.
"दाराशी... दाब,"
आणि चार कुरकुरींनंतर,
"आत... मोजून."
ड्रायव्हरवरचा बारकासा स्क्रू
त्याने डाव्या हाताने, नखानेच फिरवला.
करंट किती घ्यायचा ते तिथे ठरतं.

तीनशे. पाचशे.
सहाशेच्या आसपास जरा कण्हली, पार झाली.
नऊशेवर सुई दिसेनाशी
आणि लाल पाकळी
लाल पाकळीत जाऊन मिटली.

लेओकादिया धावत वर आली.
काय होतं? तारा? किती खर्च...
मी तिच्या दंडावर हात ठेवला.
मशीन थांबवलं.
इग्नात्सीचे ओठ हलत होते.
रेडिएटर कुरकुरला, पुन्हा कुरकुरला.
ती उभी राहिली, पिशवी हातातच,
आयुष्यात बहुधा पहिल्यांदा इतका वेळ.

नवव्या कुरकुरीला तो म्हणाला,
"हो. चहा."