सतरावर थांबायचं

सावद्याच्या पिकवणी केंद्रात, तिसऱ्या खोलीत,
जिथे मे महिन्यातही स्वेटर लागतं,
हर्षालीनं रिकामं खोकं पालथं घातलं,
त्यावर घडाला घालायची निळी पिशवी अंथरली
आणि म्हणाली, बस. तू गिऱ्हाईक.

तिला जहाजावर नोकरी लागली होती,
पत्ते वाटायची.
आत्याला सांगितलं होतं, हॉटेल खात्यात.

राजा, राणी, गुलाम, तिघांची किंमत दहाच.
एक्का सोयीचा माणूस, एकही होतो, अकराही,
आमच्या सुपडूमामासारखा,
आमंत्रण एकाचं, पंगतीत अकरा.
एकवीसच्या जवळ जायचं. ओलांडलं की मेलास.
मग पुढे मीही बुडाले तरी उपयोग नाही,
तुझ्या शेंगा मी आधीच उचललेल्या असतात.
सगळी कमाई तिथेच आहे, ती म्हणाली.
गिऱ्हाईक आधी मरतं.

पहिला आठवडा मी मनाला विचारून खेळलो.
सव्वा किलो शेंगा गेल्या.

मग तिनं वजनाच्या पावतीमागे तक्ता काढला
आणि पाढ्यासारखा घोकून घेतला.
अठ्ठ्यांची जोडी आली की फोड.
एक्क्यांची फोड.
दश्शांची जोडी असली तर हात लावू नको,
चांगल्या संसारात पाचर कशाला?
अकरा झाले की शेंगा दुप्पट,
फक्त माझा एक्का दिसला तर मला विचार.
माझी छक्की उघडी आणि तुझे बारा, तर थांब,
मला बुडू दे.
मी एक्का दाखवून विमा विचारीन. नाही म्हणायचं.
केळीचा तर घेतो आपण, मी म्हणालो.
केळीला वारा लागतो भो. पत्त्याला नाही.

आणि माझे सोळा, तुझी दश्शी?

ती जरा वेळ पत्ते पिसत राहिली.
तेव्हा घ्यायचं. बहुतेक मरशील.
थांबलास तरी बहुतेक मरशील.
घेतलंस तर शंभरात एखाद वेळा कमी मरशील.
एवढ्यासाठी तक्ता?
एवढ्यासाठीच.

बाहेर गाडी लागली होती, हमाल फण्या मोजत होते.
तुझं काय, मी विचारलं, तू कधी थांबतेस?
सतरावर.
सोळाला घ्यायचं, सतराला थांबायचं.
समोर कोण रडतंय, कोण हसतंय, बघायचं नाही.
मला काहीच ठरवायचं नाही रे.
हे ती अशी म्हणाली
की मला तिच्या बापाच्या गोळ्यांचा डबा आठवला,
मोटारीची पाळी, धाकट्याची फी,
आणि तिनं एकटीनं परत पाठवलेली तीन स्थळं.

शेवटच्या रात्री कॅटमध्ये
चिकाचा डाग पडलेलं एक पान होतं.
केळीचा चीक, साबणानं जात नाही.
मागून बघितलं तरी मला कळायचं,
किलवरची पंजी.
तिनं वाटलं. माझी दश्शी, माझी दुर्री. बारा.
तिची छक्की उघडी
आणि पालथ्या पानावर तो काळा डाग.

म्हणजे अकरा. म्हणजे ती बुडणार नव्हती.
म्हणजे मी घ्यायला हवं होतं.
तिनं माझ्याकडे बघितलं, मग डागाकडे,
मग नियमाप्रमाणे कुठेच नाही.

मी खोक्यावरून तळहात आडवा फिरवला, तिनं शिकवला तसा. थांबलो.

तिनं पंजी उघडली.
वरचं पान ओढलं. चौकटची राणी.
एकवीस.
शेंगा उचलताना म्हणाली,
बरोबर खेळलास.

ती भुसावळला गाडीत बसली त्याला आता दीड वर्ष झालं.
तो कॅट माझ्या गल्ल्यात आहे.
बावन्न मोजून भरले होते मी,
काल परत मोजले. एक्कावन्न.
पंजी नाही.