गोवराची खोली

किल्ली माझ्याकडे असते.
दारावरचा निळा रंग खरवडला तर
अजून वाचता येतं: गोवर. आत येऊ नये.

आत आता माणसं नाहीत, यंत्रं आहेत.
प्राणवायूची चार, एकशेदहा व्होल्टची,
आणि रुंफीची वीज दोनशेतीसची, असते तेव्हा.
सोनोग्राफीचं एक, ज्याचा पासवर्ड
एका डॉक्टरबरोबर विमानात बसून गेला.
एक्स-रेचं माहितीपुस्तक डच भाषेत.
काचेच्या पेटीत, जिथे अपुऱ्या दिवसांची बाळं निजायची होती,
शेजारच्या चिपेतांची कोंबडी खुडूक बसलीय.
प्रत्येकावर पट्टी: अमक्या देशाच्या जनतेकडून, सप्रेम.
यंत्रं बंद पडतात, पट्टी निघत नाही.
डिंक मात्र उत्तम पाठवतात.

धर्माच्या गाईला
दात का गं नाय, असं विचारू नये म्हणतात.
मला तर दात मोजायचाच पगार आहे.
तीन गाईंचे उपटून
मी चौथीच्या तोंडात बसवतो.
ती चरते. कधी वर्षभर, कधी शुक्रवारपर्यंत.

लिलाँग्वेहून एक मुलगी आली होती टॅबलेट घेऊन,
चुणचुणीत, बूट धुळीने माखलेले.
तिने या खोलीचे एकवीस फोटो काढले.
'मदतीचा परिणाम' असा एक रकाना होता,
त्यात बराच वेळ टाइप करत राहिली.
खोटं काही लिहिलं नसणार.

मी तिला सांगायला हवं होतं
की ही खोली रिकामी कशी झाली.

मी सहा वर्षांचा. एका खाटेवर चार पोरं,
खाटेखाली चटईवर आणखी.
डोळे चिकटलेले, म्हणून
खोकल्यावरून आईला ओळखणारी.
नेलिया सिस्टर तेव्हा नवीन होती.
रात्री कंदील घेऊन फिरायची,
अंगठा एकेका बोटाला लावत मोजायची.
सकाळी तिला कमी बोटं लागायची.
खिडकीकडच्या तिसऱ्या खाटेवर माझी बहीण, टेम्वा.
तिथे आता ते सोनोग्राफीचं धूड आहे.

मग फ्रीज आला, उन्हावर चालणारा.
तोही धर्माचाच, त्याच्यावरही पट्टी.
कुणी भाषण केलं, एक बकरी कापली गेली.
निळ्या खोक्यांतून बर्फ, बर्फात कुप्या,
कुप्या सायकलवरून न्यिकाच्या चढाला लागल्या,
जिथे सायकल संपली तिथे डोक्यावरून.
खाटा एकेक करून मोकळ्या होत गेल्या.
त्याचं भाषण झालं नाही. बकरी वाचली.
एका पावसाळ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं,
या दाराची कडी गंजली आहे.

याचा फोटो कसा काढणार?
समोर पिशव्यांचा चेंडू लाथाडणारी पोरं,
यातलं कोण आज नसतं,
हे मला सांगता येत नाही, तुम्हाला नाही, त्यांना तर नाहीच.
त्यांचं भांडण चाललंय: गोल झाला की नाही.

फ्रीज आता म्हातारा झालाय.
त्याचा पंखा मी याच खोलीतल्या
एका मुक्या यंत्राचा काढून बसवला.
रात्री तो घुरघुरला नाही तर मला जाग येते.

या वर्षी निळी खोकी अर्धीच आली.
सोबत पत्र: निधीचा फेरविचार सुरू आहे.
पत्राचा कागद जाड, गुळगुळीत.

काल संध्याकाळी नेलिया सिस्टर दाराशी आली,
गुडघे धरत. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही.
"लुसुंगू, हे सगळं बाहेर काढायला
किती दिवस लागतील रे तुला?"
मीठ आहे का विचारावं तसं विचारलं.

मी म्हटलं, कोंबडीची पिल्लं निघेपर्यंत तरी थांब.

ती हसली नाही.
अंधार पडत होता, तरी दिसलं मला,
तिचा अंगठा
एकेका बोटाला लागत होता.