जोडाक्षराला दुप्पट

सुंठणकर सरांचा प्रबंध आठशे चाळीस पानांचा,
बत्तीस वर्षं सुतळीत बांधलेला.
वाचनालयाच्या नव्या पाटीवर त्याचं सार हवं होतं त्यांना
आणि पाटीवर जागा उरलेली
हात, दीड हात.

वरची साठ टक्के कन्नडची. नियम आहे.
खानापुरात पोरांना टक्केवारी
आधी पाट्यांवरून येते, मग शाळेत.

मल्लेशी बडिगेर पेंटर म्हणाला,
अक्षराला वीस रुपये सर,
जोडाक्षराला चाळीस.
रफार असला तर वेगळं बोलू.

मी शिडी धरून उभा. माझं काम तेवढंच.

पहिल्या दिवशी सरांनी आणलं
'निर्विकल्प साक्षित्व'.
मल्लेशीनं बोटं मोजली, संपली, पुन्हा मोजली.
परवडत नाही वो वाचनालयाला.
'नुसतं बघणं' लिवू काय? तेच होतंय की.

सर ताडताड निघून गेले.
रात्री म्हणे त्यांनी चौथं प्रकरण काढलं,
नव्वद पानं, तळटिपांसकट,
आणि पहाटेपर्यंत शोधलं
'नुसतं बघणं'मध्ये न मावणारं काही.

दुसऱ्या दिवशी आपणहून आले. चहा सांगितला.
अद्वैत म्हणजे, त्यांनी सुरू केलं,
जिथं दोन वाटतात पण मुळात…
तेवढ्यात स्टेशनसमोरच्या हॉटेलातला पोऱ्या ओरडला,
वन बाय टू!
सरांनी कप घेतला. वाक्य पुरं केलं नाही.

सांख्य सांगितलं त्या दुपारी नीलव्वा भाकरी घेऊन आलेली.
पुरुष नुसता पाहतो, प्रकृती सगळं करते,
म्हणाले सर.
ती बुट्टी खाली ठेवत म्हणाली,
म्हणजे आमचंच घर.
मल्लेशी ब्रश धूत राहिला,
धुतलेलाच.

धूर तिथं अग्नी, हे तर पोरांना पाठ.
पण कौलांच्या कारखान्याची चिमणी दिसते इथून,
अकरा वर्षं धूर नाही तिला
आणि तिथून सुटलेल्या माणसांशी बोलून बघा.
यावर सर काही बोलले नाहीत.
वहीत मात्र खूण केली.

शून्य?
ते फुकट, म्हणाला मल्लेशी.
डबा उचलला की खाली गोल उमटतोय बघा.

आणि मोक्ष, सर?
मो साधा, क्ष जोड.
साठ रुपयात सुटका.
सर हसले. मोठ्यानं. मला शिडी सोडून बघावंसं वाटलं.

असे आठ दिवस. पाटीवर वर कन्नड झळझळीत,
खाली पेन्सिलीच्या रेघा, खोडलेल्या,
त्यांवर पुन्हा रेघा.

नवव्या दिवशी हुक्केरी साहेब टेप घेऊन आले.
वरून मोजलं, खालून मोजलं, जीभ वाजवली.
खालची पट्टी दोन बोटं जास्त.
तेही कोरीच.
सर पुढं झाले, गळ्याच्या शिरा ताठ,
आठशे चाळीस पानं एकदम ओठांवर.

मल्लेशी शिडीवरून उतरलाच नाही.
वरूनच म्हणाला, इर्ली बिड्री साहेब्रा.
साहेबांनी टेपकडं पाहिलं, उन्हाकडं पाहिलं,
शिडीखालच्या माझ्याकडंसुद्धा.
इर्ली, म्हणाले.
आणि टेप सर्रकन आत गेली.

सर तिथंच थबकलेले.
काय म्हणालास तू त्यांना?
काही नाही वो. आम्ही असंच म्हणतो.
आमच्यात काय म्हणतात याला, सर स्वतःशी पुटपुटले,
जणू शब्द कुठं तरी ठेवून विसरलेत,
मग बसच्या तिकिटामागं लिहून
चिठ्ठी वर दिली माझ्या हातून.

अ. सू. दे.
तीन अक्षरं, जोड एकही नाही.
साठ रुपये.
मोक्षाचाच भाव.

रंग जरा पातळ झालेला. 'दे'ची मात्रा ओघळली,
खालच्या चौकटीपर्यंत एक लाल रेघ.
मल्लेशीनं फडकं काढलं.
पुसू काय, सर?

सर मान वर करून
नुसते बघत होते.